दारू, ड्रग्ज आणि मतपेटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू वाईट, हे सांगायला हे पान नाही. ज्यांच्या घरात ती आहे त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळते. इथले प्रश्न सरकार, कायदा, पैसा आणि मत यांचे आहेत. अधूनमधून दवाखान्याचेही आहेत, कारण राजकारणाने केलेली हयगय शेवटी तिथेच उघडी पडते.

देशात व्यसनाचा प्रश्न नेमका किती मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. मदतीशिवाय निभणार नाही अशा थराला ५.७ कोटी लोकांचे पिणे गेले आहे. त्यातले २.९ कोटी पुरते अवलंबून आहेत; सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून ज्यांना घोट लागतो, ते हे लोक. अफू, ब्राउन शुगर, कोडीनची औषधे अशा अफूच्या जातकुळीतले पदार्थ २.२६ कोटी लोक वापरतात, तर भांग-गांजा-चरस ३.१ कोटी.

त्या अहवालातला सर्वांत बोचरा आकडा मात्र फारसा कुणी उच्चारत नाही. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक.

मग निवडणुकीत हा मुद्दा का दिसत नाही?

कारण सरकारसाठी दारू हे दुभते जनावर आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू त्यातून वगळली गेली, आणि तीही साध्या अधिसूचनेने नाही. संविधानाच्या कलम ३६६ मध्ये जीएसटीची व्याख्या घातली, त्या व्याख्येतच तिला बाहेर ठेवले आहे. त्यानंतर राज्यांच्या स्वतःच्या हातात, दिल्लीला न विचारता दर ठरवता येतील असे मोठे कर मोजकेच उरले : पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहने आणि दारू. तिजोरीत खडखडाट झाला की अर्थमंत्र्यांची नजर कुठे जाणार, हे वेगळे सांगायला नको.

मे २०२० आठवून पाहा. शाळा, देवळे, रेल्वे सगळे बंद असताना ४ तारखेपासून दारूची दुकाने उघडायला लागली. दिल्लीने त्यावर ७० टक्के कोरोना उपकर लावला, तरी रांगा हटल्या नाहीत. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि इतर दरवाढीसह वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा येतील असा अंदाज मांडला. नवऱ्याच्या चपटीतून आलेला पैसा आणि बायकोच्या खात्यात योजनेतून जमा होणारा पैसा एकाच तिजोरीतून फिरतो. ही साखळी तोडू, असे म्हणणाऱ्या पक्षाला तेवढ्याच रकमेचा दुसरा स्रोत दाखवावा लागतो. तो कुणी दाखवत नाही.

दुसरे कारण खात्यांच्या वाटणीचे. राज्यात दारूचे परवाने आणि वसुली राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, व्यसनमुक्तीचा प्रचार सामाजिक न्याय विभागाकडे, उपचार आरोग्य विभागाकडे आणि धाडी पोलिसांकडे. केंद्रातही तीच गत : अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरो गृह मंत्रालयात, अफूच्या शेतीचे परवाने अर्थ मंत्रालयाखालच्या ग्वाल्हेरच्या कार्यालयातून, व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान सामाजिक न्यायाकडे आणि सुईने ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांना पर्यायी औषध देणारी केंद्रे एड्स नियंत्रण संघटनेकडे. बारा घरचा पाहुणा उपाशी, तसे व्यसनी माणसाचे होते. सभागृहात प्रश्न विचारायचा तर कुठल्या मंत्र्याला, इथेच अडते.

तिसरे कारण साधे. पिणारा माणूस स्वतःचा मतदारसंघ करत नाही. ऊस उत्पादक, पेन्शनर, शिक्षक मोर्चा काढतात. व्यसनी माणसाचे घरचे लोक मात्र शेजाऱ्याला कळू नये म्हणून दार लावून घेतात.

न्यायालयाने हायवेवरची दुकाने बंद केली होती ना? त्याचे काय झाले?

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. पुढे २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी अंतर २२० मीटर झाले. एप्रिल २०१७ पासून अंमल होताच अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून घेतला. दुकान तिथेच, रस्त्याचे नाव फक्त बदलले. दारूच्या प्रश्नावर सरकारे किती तत्परतेने हलतात याचे आम्हांला माहीत असलेले हे सर्वांत चोख उदाहरण.

संविधानातच दारूबंदी आहे म्हणतात, ते खरे का?

कलम ४७ म्हणते की औषधी कारण सोडून मादक पेये आणि पदार्थांचे सेवन बंद करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते पाळले नाही म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, आणि त्यानुसार दारू प्यायलाही परवाना लागतो. परमिट रूम हे नाव आले ते त्यावरूनच. आत बसलेल्या किती जणांच्या खिशात परमिट असते, हा विनोदाचा विषय झाला आहे.

पंजाबात आणि दिल्लीत तर हा मोठा मुद्दा झाला होता!

पंजाबात झाला. डिसेंबर २०१५ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी भटिंड्याच्या सभेत गुटका साहिब (शिखांची पवित्र प्रार्थनापोथी) हातात घेऊन चार आठवड्यांत नशेचे कंबरडे मोडण्याची शपथ घेतली. २०१७ ला सत्ता मिळाली आणि ती मुदत थट्टेचा विषय झाली. त्याच सरकारने अफू-हेरॉइनची ओढ शमवणारी बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी देणारे बाह्यरुग्ण दवाखाने सुरू केले, ते काम मात्र खरोखर उपयोगाचे होते. प्रचारात शपथच गाजली, दवाखाने नाही.

दिल्लीचे २०२१-२२ चे अबकारी धोरण देशभर गाजले ते परवाने कुणाला आणि कसे दिले यावरून. त्या सगळ्या गदारोळात पिणाऱ्याच्या आजारावर कुणी चर्चा केल्याचे आठवत नाही.

सरसकट दारूबंदी हा उपाय आहे का?

आमचे उत्तर : एकटा नाही. उदाहरणे पाहा.

आंध्रात १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी अर्राकच्या (तिथल्या देशी दारूच्या) लिलावाविरुद्ध आंदोलन उभे केले. १९९४ च्या निवडणुकीत एन. टी. रामाराव यांनी दारूबंदीचे आश्वासन दिले, १९९५ ला ती आणली. १९९७ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने उठवली. हरियाणात १९९६ ला आली, १९९८ ला गेली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागू झाली, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. प्रत्येक वेळी कारणे तीच दिली गेली : महसूल बुडाला आणि चोरटी दारू वाढली.

बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथले १५.५ टक्के पुरुष पितात असे दिसले. बंदी नसलेल्या महाराष्ट्रात १३.९ टक्के. जामिनाच्या अर्जांनी न्यायालये तुंबली, म्हणून २०२२ मध्ये पहिल्यांदा पिताना सापडणाऱ्याला दंड भरून सोडण्याची दुरुस्ती करावी लागली.

गडचिरोलीचे वेगळेपण असे की १९९३ ची बंदी लोकांच्या चळवळीतून आली आणि २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने तिला गावसमित्या आणि उपचारांची जोड दिली. बंदी टिकते ती गावाने राखली तर. नुसता कागद सीमेवर अडत नाही. गोवा बनावटीची दारू सिंधुदुर्गातल्या बांदा-इन्सुलीमार्गे का येते, तर दोन राज्यांच्या शुल्कात अंतर आहे म्हणून. महाराष्ट्राने दर वाढवला की त्या ट्रकचा नफा आपोआप वाढतो. म्हणून हा प्रश्न एका राज्याच्या आवाक्यातला नाही, आणि दिल्लीला तो राज्यसूचीतला म्हणून नको आहे.

आमच्या गावातले दुकान बंद करायचे आहे. आडवी बाटली म्हणजे काय, कशी करायची?

महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावाला गुप्त मतदानाने परवानाधारक दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. आधी २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, ते राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे. सह्यांची पडताळणी होते, मग तारीख लागते. दुकान बंद होण्यासाठी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला हवीत.

इथेच बहुतेक गावे फसतात. निम्मी म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीवरच्या एकूण मतदारांच्या निम्मी. समजा मतदान फक्त महिलांचे आहे आणि यादीत १,२०० महिला आहेत. सह्या लागतील ३००, मते लागतील ६०१. आता त्या यादीत सासरी गेलेल्या मुली, मुंबई-पुण्याला राहणाऱ्या सुना आणि वारलेल्या म्हाताऱ्या मिळून १५० नावे निघाली, तर गावात प्रत्यक्ष उरतात १,०५०. त्यांच्यातल्या ५७ टक्के बायकांनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीला मत देते, असाच हिशेब धरा.

म्हणून पहिले काम मतदार यादी दुरुस्त करणे. मोर्चा नंतर. मृत आणि स्थलांतरित नावे वगळण्यासाठी ७ नंबरचा अर्ज असतो. तो निवडणूक कार्यालयात वेळेत द्या, कारण नाव निघायला महिने जातात. सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका, ३५ पर्यंत न्या. पडताळणीत अंगठा जुळत नाही, नावात ‘बाई’ आहे-नाही, एकाच हाताने पाच सह्या केल्यात, अशा कारणांनी बऱ्याच गळतात. सहीपुढे यादीतला अनुक्रमांक लिहिलात तर पडताळणी सोपी जाते. ऐन सुगीत किंवा लग्नसराईत तारीख पडली तर लेखी हरकत घ्या. सोयाबीन काढायला गेलेली बाई दुपारी मतदानाला येत नाही, आणि दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात साड्या, भांडी, देवदर्शनाच्या सहली फिरायला लागतात. फोटो काढून ठेवा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

दुकान बंद झाले, पण आता घराघरांतून दारू मिळते.

अपेक्षित आहे. आडव्या बाटलीने परवाना जातो, पिणारा जात नाही. अवैध विक्रीवर दारूबंदी कायद्याचे कलम ६५(ई) लागते, पण चार बाटल्या पकडून जामिनावर सोडले की विक्रेता संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. त्यामुळे वारंवार सापडणाऱ्यावर कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घ्यायला लावा, आणि सराईतावर १९८१ च्या झोपडपट्टीदादा-हातभट्टीवाला प्रतिबंध कायद्याखाली स्थानबद्धतेचा प्रस्ताव पाठवायला सांगा. तोंडी सांगून हे होत नाही. ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत ठाण्यात द्या.

विषारी दारूने लोक मरतात ते नेमके कशाने?

मेथनॉलने. मुंबईत २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत ते झाले. मालवणीत शंभराहून जास्त माणसे गेली. कारखान्यासाठीचे मेथनॉल चोरून वळवले जाते, ते स्वस्त पडते, आणि चव-वासावरून पिणाऱ्याला फरक कळत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. ते डोळ्यांची नस जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. याला १२ ते २४ तास लागतात, सोबत साधी दारू प्यायलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणून रात्री प्यायलेला माणूस सकाळी चहा पिऊन कामाला जातो आणि दुपारी म्हणतो, धुके पडल्यासारखे दिसतेय.

एकाला त्रास झाला की त्याच भांड्यातली प्यायलेल्या सगळ्यांना, बरे वाटत असले तरी, डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. उरलेली दारू टाकू नका, सोबत न्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना अधिकार आहे असा निकाल दिला. तेव्हा कारखान्यातून टँकर कुठे गेला, हे आमच्या हातात नाही, असे राज्य सरकारला यापुढे म्हणता येणार नाही.

दारू एकदम सोडली तर बरे ना?

रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम सोडणे जिवावर बेतू शकते. १८० मिलीच्या ४२.८ टक्क्यांच्या चपटीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. रोज दोन चपट्या पिणाऱ्याचा मेंदू १२० ग्रॅमला सरावलेला असतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम : भिंतीवर मुंग्या दिसणे, घरच्यांना न ओळखणे. लोक याला बाहेरची बाधा समजतात आणि मांत्रिकाकडे नेतात. उपचार ठरलेला आहे : क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी करत आणणे, आणि ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिनचे (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन. थायमिन न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही स्वस्त औषधे आहेत. ग्रामीण रुग्णालयात ती आहेत का, हा राजकीय प्रश्न आहे.

‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पुडी द्यावी का?

अजिबात नाही. त्यात डायसल्फिराम असू शकते. आमटीतून ते पोटात गेले आणि माणूस बाहेर जाऊन प्यायला की चेहरा लाल, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. हृदयविकार असेल तर मृत्यू. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच.

व्यसनमुक्ती केंद्रात बांधून ठेवतात, मारतात असे ऐकतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार येतात. असे केंद्र नोंदणीकृत असावे लागते, आणि कुठल्याही प्रकारे साखळीने बांधणे कलम ९५ ने सरळ बंद आहे. दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतात ते विचारा. घरच्यांना महिनाभर भेटू न देणारे केंद्र असेल तर दुसरे शोधा. कुठे जावे हे कळत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्ती हेल्पलाइन क्रमांक आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, दोन्ही मोफत आहेत.

एमडी, कुत्ता गोळी, व्हाइटनर यांचे काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते अमली पदार्थ कायद्यात आले. आता ते बंदरातून यायची गरज उरलेली नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात, २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत त्याचे कारखाने सापडले. कुत्ता गोळी म्हणजे बहुतेकदा अल्प्राझोलम, चिठ्ठीशिवाय विकलेली झोपेची गोळी. तिथे औषध निरीक्षकांची किती पदे भरली आहेत हा खरा प्रश्न. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन तर लहान मुले हुंगतात. एम्सच्या पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होते. मुलांना मत नसते.

मुलगा थोड्या मालासह पकडला गेला, तर सुटका आहे का?

गुन्हा फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल (गांजा १ किलो, हेरॉइन ५ ग्रॅम, मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत) आणि तो व्यसनी असून स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ खाली खटल्यातून मुक्ती मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती परत घेतली जाते. अनेक वकील हे कलम पुढे करतच नाहीत, म्हणून तुम्हीच पहिल्या तारखेला विचारा.

उमेदवाराला काय विचारायचे?

दारूबंदी करणार का, हे विचारू नका. त्याला दोन्हीकडून टाळ्या मिळवणारे उत्तर पाठ असते. त्याआधी माहितीच्या अधिकारात आकडे मिळवा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर, १५० शब्दांत, १० रुपयांच्या शुल्कासह. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्पादन शुल्क कार्यालयाला विचारा : तालुक्यातील सीएल-३ (देशी दारूचे दुकान), एफएल-२ (विदेशी मद्याचे दुकान) आणि एफएल-३ (परमिट रूम) परवान्यांची संख्या आणि गेल्या तीन वर्षांतला महसूल. जिल्हा शल्य चिकित्सकांना दुसरा अर्ज : व्यसनमुक्तीसाठी खाटा किती, मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का, थायमिन आणि डायझेपामचा साठा किती. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून सभेत वाचा आणि विचारा : या महसुलातले किती रुपये या खाटांवर खर्च होतील, आकडा सांगा.

मतदानाच्या आदल्या रात्री गावात दारू वाटतात. तक्रार करून उपयोग होतो का?

मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते, म्हणून माल आधीच वाड्या-वस्त्यांवर पोचवलेला असतो. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तिथूनच फोटो किंवा व्हिडिओ टाका; १०० मिनिटांत कारवाईचे बंधन आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १८ मेपर्यंत पकडलेल्या सुमारे ८,८८९ कोटींच्या ऐवजात ४५ टक्के वाटा अमली पदार्थांचा होता, असे आयोगानेच सांगितले.

मात्र गुन्हा सिद्ध झाल्यावर काय, तेही माहीत असू द्या. मतासाठी पैसे दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खाऊ-पिऊ घातले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ नुसार फक्त दंड. इंग्रजांच्या काळातली ही सवलत २०२३ च्या नव्या संहितेतही जशीच्या तशी ठेवली आहे.